जावई बाकावर बसत नाही

चितुंगविझा, ८ मार्च

शुवाई,

फोनवर तू मला मध्येच तोडलंस, म्हणून पत्र लिहिते आहे. पत्र तोडता येत नाही. फाडता येतं, पण त्याआधी पाकीट उघडावं लागतं, आणि एकदा उघडलं की तुझ्यानं वाचल्याशिवाय राहवणार नाही. लहानपणी साखरेच्या पुडीचा कागदसुद्धा तू वाचून मग चुलीत टाकायचीस.

हे पत्र सारखं इकडून तिकडे ये-जा करणाऱ्या मिसेस मापोन्देरांच्या बॅगेतून परदेशात, तुझ्या ल्यूटनला येत आहे. त्यांनी ते सुक्या मासळीच्या पिशवीखाली ठेवलं आहे. वास आला तर दोष त्यांचा.

तिकडे अजून थंडी असेल. लोकरीचे मोजे घाल. नुसत्या पावावर दिवस काढू नकोस, आफ्रिकन दुकानात मक्याचं पीठ मिळतं असं मिसेस मापोन्देरा म्हणतात, तेव्हा निदान रात्री तरी त्याचा घट्ट सादझा शिजवत जा. ज्या म्हाताऱ्यांची तू सेवा करतेस त्यांना उचलताना कमरेतून वाकू नकोस, गुडघ्यातून वाक. आणि नवऱ्याशी नीट बोलत जा. टेकशुअर दर महिन्याला पिठाचं पोतं आणून फाटकाशी ठेवतो, उकिडवा बसून टाळ्या वाजवून मला नमस्कार करतो आणि मी दार उघडेपर्यंत नाहीसा होतो. जावयानं कसं वागावं हे त्या पोराला कुणी शिकवायला नको. फक्त हल्ली त्याचे गाल आत गेले आहेत. तुझे तिथं कायम राहायचे कागद होईनात, म्हणून त्याचे तिकडे यायचे कागद होईनात, तो बिचारा सुतारकाम करत बसला आहे.

आता तू रुसली आहेस त्याबद्दल. तुझी आत्या गेली तेव्हा मी तुला म्हटलं की आता येऊन काय करणार, देह थांबत नाही, नोकरी सांभाळ. यात खोटं काय होतं? देह खरंच थांबला नाही. त्यावर तू म्हणालीस, ‘आई, तू मला जन्मात कधी काही विचारलं नाहीस. नुसतं सांगत आलीस.’ आणि फोन ठेवलास, तो आजतागायत. आता मला सांग, आईनं विचारायचं कशाला? आईला माहीत असतं. शिवाय लग्न झालेल्या मुलीच्या मनात काय चाललंय ते विचारणं हे आत्याचं काम. ते आईनं केलं तर सगळी वस्ती तोंडात बोटं घालेल.

असो. बातमी अशी की मी बाकावरची आजी झाले आहे.

आमच्या दवाखान्याच्या आवारात आंब्याखाली बाक टाकले आहेत. तुझ्या नवऱ्यानंच केले आहेत, चांगले मजबूत. ज्याला फार विचार करण्याचा आजार जडलाय त्यानं तिथं येऊन बसायचं आणि आजीशी बोलायचं. डोक्याचा डॉक्टर थेट राजधानीत, हरारेत शोधावा लागतो, आणि सापडला तरी त्याच्या दारात दिसलं की लोक म्हणणार, याचं डोकं फिरलं. आजीशेजारी बसलं तर कोण काय म्हणणार? म्हणून दवाखान्यातल्या नर्स, सिस्टर मुत्सा, यांनी वस्तीतल्या आज्या गोळा केल्या. फादरनी माझं नाव सुचवलं. ते म्हणाले, ‘ओटिलियाबाई तशाही दिवसभर उभ्यानं सल्ले देत असतात, निदान बसून देतील.’

आणि शिकवणीच्या पहिल्याच दिवशी कळलं की सल्ला द्यायला बंदी आहे!

‘मग आज्या कशाला बोलावल्यात?’ मी विचारलं.

‘विचारायला आणि ऐकायला,’ सिस्टर म्हणाल्या. ‘त्यांचा रस्ता त्यांनाच सापडतो.’

‘आणि नाहीच सापडला तर?’

‘तर पुन्हा विचारायचं, आजी.’

ही पोरगी तुझ्याच वयाची आहे. तुमचं दोघींचं काही संगनमत आहे का, ते मला कळव.

तुझी आई

२ एप्रिल

शुवाई,

तुझं उत्तर आलं नाही. मिसेस मापोन्देरा म्हणाल्या की तू दारातच पत्र घेतलंस, त्यांना आत बोलावलं नाहीस, आणि दुपारी दोन वाजता झोपायच्या कपड्यांत होतीस. रात्रपाळी असेल. पण पाहुण्याला दारातून परत पाठवायला मी तुला शिकवलं नव्हतं. मासळी तरी ठेवून घेतलीस ना?

इथं माझं बरं चाललं आहे. म्हणजे सुरुवातीला तसं नव्हतं. माझ्या बाकावर पहिली आली ती टोमॅटो विकणारी एक बाई. बसली आणि तिनं उसासा टाकला. मी म्हटलं, ‘मला सगळं कळलं. दारुड्या नवऱ्याला दारातून आत घ्यायचं नाही. त्याच्या मोठ्या भावाला बोलाव, चारचौघांत त्याची कानउघाडणी कर, आणि भांडी लपवून ठेव, नाहीतर विकून टाकेल.’

ती म्हणाली, ‘आजी, मला नवराच नाही.’

‘मग कर,’ मी म्हटलं. ती उठली आणि स्कोलास्तिकाच्या बाकावर जाऊन बसली.

स्कोलास्तिका तुला आठवते ना, चर्चच्या महिला मंडळात माझ्या जागेवर डोळा ठेवून असलेली. तिच्या बाकापुढे रांग लागते. लोक म्हणतात, ही आजी डोळे मिटून किती मन लावून ऐकते. शेजारच्या बाकावरून मी तिचं घोरणं ऐकलं आहे, पण ते कुणाला सांगू? माझ्या बाकावर मात्र आठवडाभर कावळेच बसले.

शेवटी सिस्टर मुत्सा आल्या आणि त्यांनी माझ्या हातावर पेपरमिंटची एक गोळी ठेवली. ‘आजी, कुणी बसलं की ही तोंडात टाकायची. विरघळेपर्यंत बोलायचं नाही. आणि चावायची नाही.’ हे शेवटचं त्यांनी का सांगितलं ते मला पहिल्याच गोळीला कळलं. दाढेखाली कडकन आवाज झाला आणि शेजारची स्कोलास्तिका जागी झाली.

पण दुसऱ्या दिवशी एक विधवा बाई आली. तिचं घर दीर बळकावू पाहतोय. माझ्या जिभेवर नऊ उपाय नुसते नाचत होते. मी गोळी या गालातून त्या गालात फिरवली. ती बोलली, रडली, थांबली, पुन्हा बोलली. मग म्हणाली की भावकीतल्या एका म्हाताऱ्याला तिची बाजू माहीत आहे, रविवारी त्याच्याकडे जाऊन येते. माझ्या नऊ उपायांत तो म्हातारा नव्हताच. उठताना तिनं माझे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाली, ‘आजी, किती छान समजावून सांगितलंत!’

मी अवाक्षर काढलं नव्हतं, शुवाई. गोळीचा अजून हरभऱ्याएवढा तुकडा शिल्लक होता.

आता माझ्या बाकापुढेही रांग असते. स्कोलास्तिकाएवढी नाही. मोजे घालतेस ना?

तुझी आई

१९ एप्रिल

शुवाई,

हे पत्र पोस्टानं पाठवते आहे, कारण मिसेस मापोन्देरांनी यातलं काही वाचता कामा नये.

परवा बाकावर एक पुरुष आला. पुरुष येत नाहीत. ते बिअरच्या गुत्त्यावर जातात आणि तिथून घरी येऊन भिंतीशी बोलतात. म्हणून तुला सांगावंसं वाटलं. नाव मात्र सांगणार नाही. बाकावरचं बाकावरच राहतं, अशी आम्ही बायबलवर हात ठेवून शपथ घेतली आहे. उंच आहे, डाव्या अंगठ्यावर करवतीची खूण आहे आणि अंगात त्याच्या बायकोनं परदेशातून पाठवलेला हिरवा स्वेटर होता, ज्याची एक बाही दुसरीपेक्षा लांब आहे. असे पुरुष चितुंगविझात पुष्कळ असतील.

तो खरं म्हणजे स्कोलास्तिकासाठी आला होता. आता आमच्या पाळ्या ठरल्या आहेत, बुधवार तिचा असतो. पण ती कुणाच्या तरी मयताला गेली आणि तिची पाळी मी घेतली. त्यानं झाडाला वळसा घातला, मला बघितलं आणि जागच्या जागी खाली बसून टाळ्या वाजवायला लागला.

‘सासूबाई, नमस्कार. कशा आहात? मी असाच जात होतो.’

त्यानं मला सासूबाई म्हटलं. म्हातारीला लोक काहीही म्हणतात.

मी म्हटलं, ‘असंच कुणी दवाखान्यात येत नाही. या, बसा बाकावर.’

‘बाकावर?’ त्याचा आवाज चिरकला. ‘तुमच्या शेजारी?’

‘हो. नियमच आहे. शेजारी शेजारी, एका उंचीवर. वर-खाली नाही.’

‘सासूबाई, जीव गेला तरी मी तुमच्या शेजारी बसणार नाही. लोक काय म्हणतील? माझी आई काय म्हणेल?’

‘बाक तुम्हीच केलेत ना?’

‘केले. पण बसायला नाही केले.’

आता मी मोठ्या पेचात पडले. जावयानं सासूच्या बरोबरीनं बसू नये हे मला पटतं. मी स्वतः तीन जणांना त्यावरून झोडपलं आहे. पण सिस्टर मुत्सा खिडकीतून बघत होत्या, आणि आदल्याच आठवड्यात त्यांनी ‘एका उंचीवर’ हे फळ्यावर लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. मी विचार केला, तो वर येत नसेल तर मी खाली जाते. म्हणून मी कापड अंथरून जमिनीवर उतरले. गुडघे किती कुरकुरले ते विचारू नकोस.

तो किंचाळलाच. ‘सासूबाई जमिनीवर! उठा, उठा, मी पाया पडतो!’

‘मी नाही उठत. एका उंचीवर.’

मी उकिडव्या माणसाच्या पातळीला आले, म्हणून तो मांडी घालून बसला. मी पाय पसरले, तर तो कोपरावर टेकला. मी म्हटलं, ‘अहो, आडवं काय होताय?’ आणि नीट दिसावा म्हणून जरा पुढे वाकले. तो आणखी मागे सरला. त्याच्या मागे नळाचं सांडपाणी जातं ते गटार होतं.

रांगेतल्या बायका ओरडल्या, ‘फेफरं! फेफरं आलं! चमचा आणा, दातांत घाला!’ दोन नर्सबाया स्ट्रेचर घेऊन धावल्या. एकीनं खरोखरच चमचा आणला. गटारातून तो सांगत होता की मला काही झालेलं नाही, पण तोंडात चमचा असताना तसं कुणाला पटवता येत नाही.

‘आजी, काय झालं याला?’ सिस्टर मुत्सांनी विचारलं.

‘काही नाही,’ मी म्हटलं. ‘माझा जा... माझ्या ओळखीतला आहे.’

त्याला उभा केला, पुसला. तो माझ्याकडे पाठ करून म्हणाला, ‘सासूबाई, मी परत येईन. पण बाकावर नाही.’ आणि हिरव्या स्वेटरातून पाणी गाळत निघून गेला.

मला हसू आवरेना. घरी येऊन भांडी घासताना एकटीच हसत होते. मग वाटलं, याला स्कोलास्तिकाकडे का यावंसं वाटलं? गुत्त्यावर न जाता, रांगेतल्या एवढ्या बायकांसमोर इथं का आला? पुढे मला हसू आलं नाही.

तू त्याच्याशी बोलतेस ना? म्हणजे तुझ्या नवऱ्याशी. हा पुरुष वेगळा.

तुझी आई

६ मे

शुवाई,

तो आला. येताना बगलेत एक स्टूल घेऊन आला, स्वतः केलेलं, वीतभर उंचीचं. ते त्यानं आंब्याच्या पलीकडे ठेवलं आणि माझ्याकडे पाठ करून त्यावर बसला. मी अलीकडे बाकावर, मध्ये बुंधा. तो मला दिसत नाही, मी त्याला दिसत नाही. बाहेरून कुणी बघितलं तर एक म्हातारी झाडाशी बोलते आहे आणि झाडामागे एक माणूस सावलीला बसला आहे, इतकंच.

सिस्टर मुत्सा बराच वेळ कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘नियमात झाडाबद्दल काही लिहिलेलं नाही,’ आणि आत गेल्या.

मी गोळी तोंडात टाकली. ती विरघळली. दुसरी टाकली. तीही विरघळली, आणि तो बोलतच होता. फाटकाशी टाळ्या वाजवून पळणारा माणूस इतका बोलू शकतो हे मला माहीत नव्हतं.

काय बोलला ते सांगणार नाही.

एवढंच लिहिते. आम्हाला काही प्रश्न शिकवले आहेत. झोप लागते का, जेवण जातं का, पूर्वी ज्यात जीव रमायचा ते आता नकोसं झालंय का, आपण कुणाच्या कामाचे नाही असं वाटतं का. मी ते एकेक करून बुंध्याला विचारले. आणि शुवाई, प्रत्येक वेळी पलीकडून उत्तर यायचं ते ‘तिला’ असं. तिला झोप लागत नाही, आणि लागली तर दिवसभर उठत नाही. ती पूर्वी फोनवर गाणी म्हणायची. आता ‘दमले’ म्हणते आणि ठेवते. तो स्वतःचं दुखणं सांगायला आलाच नव्हता. लांब राहणाऱ्या कुणाची तरी काळजी पोटात घेऊन आला होता आणि ती कुठं ठेवावी हे त्याला कळत नव्हतं.

मी इतके दिवस समजत होते की ती कुणीतरी रागावली आहे. राग बरा असतो. रागावलेल्या माणसाला समजूत घालता येते, मोजे पाठवता येतात.

हे सगळं मी लिहायला नको होतं. पत्र पाठवणार नाही. उशाखाली ठेवते.

आज मोज्यांचं काही लिहीत नाही.

आई

२४ मे

शुवाई,

हे पत्र आणि मागचं पत्र एकाच पाकिटात येत आहे. मागचं मी दाबून ठेवलं होतं, कारण ते पाठवणं माझ्या हातात नव्हतं. बाकावर जे बोलतो त्याची परवानगी लागते. म्हणून तो पुन्हा आला तेव्हा मी बुंध्याला म्हटलं, ‘तुम्ही जे सांगितलंत ते मी एका माणसाला लिहू का?’

पलीकडून लगेच उत्तर आलं. ‘लिहा, सासूबाई. सगळं लिहा. मी तिला सांगितलंय की मी इथं येतो.’

‘काय म्हणाली?’

‘पहिल्यांदा हसली. सहा महिन्यांनी हसली. गटाराचं ऐकून.’

मी गोळी गिळली जवळजवळ. मग तो म्हणाला, ‘फक्त एक विनंती आहे. तिला सल्ला देऊ नका. सल्ल्यांनी तिचं डोकं भरून गेलंय, असं ती म्हणते.’

‘कुणाच्या सल्ल्यांनी?’

जावई तो, त्यानं नाव कसं घ्यावं? त्यानं घसा खाकरला आणि म्हणाला, ‘यंदा आंब्याला मोहर चांगला येईल असं दिसतंय.’

तर तो टेकशुअर होता. तुला वाटलं नसेल, म्हणून सांगते.

त्यानं स्वतःचा रस्ता स्वतःच काढला. फोनवर तो तुला रोज कागदांचं विचारायचा, कधी होणार, कुठे अडलंय. आता तो तसं विचारणार नाही म्हणाला. त्या दिवशी काय केलं ते सांगणार, कुठलं लाकूड आलं, कोंबडीनं कुठं अंडं घातलं. सांगतो का? मी त्याला हे सुचवलेलं नाही. माझ्या मनात वेगळं होतं, पण गोळी होती.

त्याच्या स्टुलाची गंमत ऐक. ते तो झाडामागेच ठेवून गेला. दोन दिवसांनी बघते तर त्यावर बसचा एक ड्रायव्हर बसलेला, माझ्याकडे पाठ करून. म्हणाला, ‘आजी, मी सावलीला बसलोय, पण बसल्या बसल्या एक सांगू का?’ त्याच्यामागून एक शिक्षक आले, ते वर्तमानपत्र उघडून बसले आणि पान न उलटता रडले. आता पुरुषांची रांग लागते. रांग म्हणजे भिंतीपाशी सगळे इकडे तिकडे बघत उभे असतात, जणू कुणी कुणाला ओळखतच नाही. सिस्टर मुत्सांनी तुझ्या नवऱ्याला आणखी स्टुलं करायला सांगितली आहेत, वस्तीतल्या प्रत्येक बाकामागे एक. दवाखान्यात त्याला सगळे ‘जावयाचं स्टूल’ म्हणतात. स्कोलास्तिका म्हणते की कल्पना तिची होती. ती तर मयताला गेली होती!

आता मुद्द्याचं.

तुझी आत्या असती तर तिनं तुला केव्हाच विचारलं असतं. तिला दारात बघून तू आधी हसायचीस आणि मग तिच्या मांडीवर डोकं ठेवून सगळं ओकायचीस, आणि मी स्वयंपाकघरात भांडी वाजवत बसायची, कारण आईनं ऐकायचं नसतं. येत्या जूनमध्ये तिला वर्ष होईल. तिच्या जागी दुसरी आत्या मिळत नाही. म्हणून मी रीत मोडते आहे. नाहीतरी तुझा नवरा गटारात पडला तेव्हा रीत भिजलीच होती.

तुझी मला फार काळजी वाटते, शुवाई. हे मी कधी असं लिहिलं नव्हतं. मी मोज्यांचं लिहायचे.

बाक तर तिकडे पाठवता येत नाही. मिसेस मापोन्देरांना विचारलं, त्या म्हणाल्या वजन बसणार नाही. तेव्हा समज की हा कागद म्हणजे बाक आहे, आणि आपण शेजारी शेजारी बसलो आहोत. समोरासमोर नाही. मी तुझ्याकडे बघत नाही. दोघी आंब्याकडे बघतो आहोत.

तू कशी आहेस?

रविवारी चर्चमधली मिसा झाल्यावर मी फोन घेऊन मागच्या अंगणात बसेन. मी लावणार नाही. तू लाव, वाटलं तर. या रविवारी नाही वाटलं तर पुढच्या. मी प्रत्येक रविवारी तिथं असेन. काहीही सांग, मला आवडणार नाही असंही सांग.

गोळी तोंडात टाकली आहे. बोल.

आई

११ जून

शुवाई,

पहिल्या रविवारी फोन वाजला तो स्कोलास्तिकाचा. मंडळाच्या गणवेशाचं कापड कुणाकडे आहे, हे विचारायला. मी तिला काय बोलले ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

काल तुझा आला.

तू काय बोललीस ते मी इथं लिहीत नाही. बाकावरचं बाकावर राहतं. आत्यासाठी तू जे रडलीस तेही तिथंच राहील, आणि दफनाच्या दिवशी तू तिकडे कुणाच्या आंघोळीचं पाणी तापवत होतीस तेही. तिकडच्या दवाखान्यात जाऊन सांगायचं तू ठरवलंस. ते तूच ठरवलंस. मला कुणी विचारलं तर मी शपथेवर सांगेन की मी काही सुचवलं नाही.

एकच गोष्ट लिहिते, कारण तिचं उत्तर द्यायचं राहिलं आहे. अगदी शेवटी तू थांबलीस आणि एकदम घाबऱ्या आवाजात म्हणालीस, ‘आई? आई, तू आहेस ना? इतकी गप्प का? तुला बरं नाही का?’

मला बोलता आलं नाही. तुला वाटलं असेल तोंडात गोळी आहे. गोळी कधीच विरघळली होती. तेवढ्यात माझ्या फोनची बॅटरी संपली आणि तो बंद पडला. म्हणून आता लिहिते.

आहे.

तुझी आई

ता. क. मिसेस मापोन्देरांच्या बॅगेतून लोकरीच्या मोज्यांची एक जोडी येत आहे. मीच विणली आहे. घालायची की नाही ते तू ठरव.